आधी भवानी, मग हुकूम

या पाव्हणं, टेका. चहा येतोय तवर मल्हारीआबाची एक गोष्ट सांगतो. आबा मंत्री झाल्यावर लोक म्हणायचे, माणूस लय हट्टी, कुणाचं ऐकत नाय. ऐकायचा. कुणाचं, ते मला नाशकात द्वारकेच्या चौकात कळलं.

साल अठ्ठ्याण्णव. द्वारकेचा रस्ता रुंद करायचा होता. कडेला भाजीवाल्या बसायच्या, माझी बायको सिंधू त्यातलीच. आमच्या मळ्यातली मेथी-कोथिंबीर तिथंच खपायची. ती जागा गेली की चूल बंद. एका सकाळी जेसीबी आला, साहेबलोक आले, आन् त्यांच्या मधी मल्हारीआबा.

‘चला, उठा बायांनो!’ साहेब वरडला.

सिंधू जागची हालंना. मंत्री कोण, तिला काय ठावं! आबालाच म्हणली, ‘भाऊ, अजून भवानी नाय झाली. पहिल्या गिऱ्हाइकाआधी पाटी उचलली तर दिवस बुडतो. तुम्हीच घ्या एक जुडी, मंग उठवा.’

मी मागून म्हणतोय, ‘अगं येडे, मंत्री हायेत ते!’

‘मंग? मंत्री भाजी खात नाय व्हय?’

आबा मात्र उकिडवा बसला. मेथी घेतली, पैसे दिले. सिंधूनं ते कपाळाला लावले. मंग उठून साहेबाला म्हणला, ‘मशीन माघारी न्या. आधी यांना जागा द्या, मंग रस्ता.’

‘साहेब, वरून हुकूम...’

‘वरच्यांशी मी बोलतो.’

बोलला. शिव्या खाल्ल्या, पण तीन महिन्यांत पलीकडं ओटे बांधून झाले. मी फ्लावरचं पोतं घेऊन बंगल्यावर गेलो, पाय धरायला लागलो.

‘माझे नको, गोटीराम,’ आबा म्हणला. ‘माझी आई, नवसाबाई, पंचवटीत भाजी विकायची. एकदा हवालदार उठवायला आला. तीबी हेच म्हणली, भवानी होऊ दे. त्यानं वांगी घेतली, मंग उठवलं. उठवलं तर उठवलंच, पण आई घरी हसत आली. मी आठ वर्षांचा होतो. खुर्चीत बसल्यावर लय डाव इसरलो त्या माणसाला. त्या दिवशी तुझ्या बायकोनं आठवण करून दिली.’

त्या हवालदाराचं नाव आबाला ठाऊक नव्हतं. तोंडावर देवीचे व्रण होते, एवढंच सांगायचा. आता आबाबी गेला. सिंधू अजून त्याच ओट्यावर बसती, पोरी तिथल्याच भाजीवर शिकल्या.

पाव्हणं, तुमची ओळख मोठी. साठ सालाच्या आसपास पंचवटी चौकीला असला हवालदार कोण होता, तेवढं इचारून बघा ना. त्याची पोरंबाळं असतील कुठं. सिंधूला एकदा त्यांच्या दारी जायचंय.