तिसरा फर्मा

“एकच गोष्ट माणसानं किती वेळा सांगावी!” आत्या माझ्या कानाशी पुटपुटली. “आता पूल येईल बघ. आला की मी उठते.”

समोर शिवणकाकू सांगत होत्या आणि बाबा जन्मात पहिल्यांदा ऐकत असल्यासारखे ऐकत होते. “...दार उघडलं, तर बर्फात एवढीशी पोर. पाणी प्यायली नि पळाली. मी कोट शिवला, तिच्यामागे पुलापर्यंत धावले, पोचले आणि तिला तो कोट...”

इथे त्या थांबल्या. रोज इथेच थांबायच्या.

आत्या उठली.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे पुस्तकं बांधायचा कारखाना. बाबा शिवायचे, आत्या खळ लावायची आणि मी, वय वर्षं सोळा, संशय घ्यायचे. तीन आठवड्यांपूर्वी ह्या बाई भर दुपारी दारात उभ्या राहिल्या, “शिवणकाम आहे का?” म्हणून. शेजाऱ्याला सुई देताना दहा प्रश्न विचारणारे बाबा नुसतं “या” म्हणाले. आई गेल्यावर घरातून गेलेलं हसूही त्यांच्यामागोमाग आत आलं. मला तेच खुपत होतं. ही बाई आमच्या घरात कायमची बस्तान मांडणार, दुसरं काय!

त्यांनी मला कोट शिवला. माप माझ्यादेखत घेतलं, तरी झाला सात वर्षांच्या पोरीचा. उसवून परत शिवला, परत तेवढाच.

“किटलीला घाल,” आत्या म्हणाली. तेव्हापासून तो खुंटीवर होता.

“काकू, तुमचं माहेर कुठलं?” मी एकदा खोदून विचारलं.

“जंगलाशी झोपडी आहे ना.”

“त्याच्या आधी?”

त्यांनी बराच वेळ सुईत दोरा ओवला. “आधी दार वाजलं,” त्या म्हणाल्या.

वाचनालयातल्या बाई गोष्टींच्या एका पुस्तकासाठी दोनदा येऊन गेल्या होत्या. “दाबात आहे,” बाबा सांगायचे. तीन आठवडे दाबात? हत्तीसुद्धा सपाट झाला असता. आज चार वाजता त्या शेवटच्या येणार होत्या. दुपारी बाबा आंघोळीला गेले तशी मी पुस्तक दाबायचा शिकंजा सैल केला.

पान बत्तीस. त्यानंतर एकदम एकोणपन्नास.

सोळा पानांच्या घडीला आम्ही फर्मा म्हणतो. असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. इथला तिसरा गायब होता. बत्तिसाव्या पानाच्या तळाशी कुणीतरी दार वाजवत होतं. एकोणपन्नासाव्याची सुरुवात होती, “घातला.” खाली चित्र: पुलावर सात वर्षांची पोर, अंगात नुसतं झबलं, ओठ निळे.

फर्मा बाबांच्या खणात, फडक्यात गुंडाळलेला सापडला. त्यातल्या चित्रात झोपडी होती, सुई होती, खुर्ची होती. खुर्चीत कुणीच नव्हतं.

मी दोन्ही नेऊन टेबलावर, आत्या नि काकूंच्या समोर ठेवलं. बाबा ओल्या केसांनी येऊन उभे राहिले.

“बाबा, हा शिवायचा राहिलाय.”

“हो. तीस वर्षांत पहिल्यांदा चुकलो.”

“मग लक्षात कधी आलं?”

“ह्या आल्या त्याच दिवशी,” ते म्हणाले. “संध्याकाळी.”

“खळ वाळतेय,” आत्या उगीचच म्हणाली. म्हणजे हिलाही माहीत होतं! आणि खळीचं भांडं तर रिकामंच होतं.

माझा संशय खरा ठरला होता. मला वाटलं होतं, खरा ठरला की कसं मोकळं वाटेल. पण काकूंनी घड्याळाकडे पाहिलं, साडेतीन झाले होते, आणि मी फर्मा परत फडक्यात गुंडाळायला लागले. बाबांनी सुईत दोरा ओवला. मग काढला. मग परत ओवला. कुणीच कुणाकडे बघेना.

काकूंनी पुस्तक जवळ ओढलं. चित्रातल्या पोरीच्या निळ्या ओठांवर बोट ठेवलं आणि इतक्या पटकन उचललं, जणू चटका बसला. त्या उठल्या. खुंटीवरचा कोट काढून त्यांनी झटकला, बटणं तपासली.

“पुलापर्यंत पोचले,” त्या हळू म्हणाल्या, “आणि तिला तो कोट...”

आत्या उठली नाही. इथे त्या थांबणार होत्या. थांबाव्यात.

“...घालायचाय मला,” काकू म्हणाल्या. “मला परत आत शिवा.”