मधलीची जागा

"थांबा," बाईंनी नाचाचा ठोका द्यायची दांडी लाकडी पाटावर आडवी ठेवली. "पुन्हा पहिल्यापासून. लय कोण ओढतंय?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. लय मुली ओढत नव्हत्या, बाईंचा ठोकाच पुढे पळत होता. पण बोलणार कोण?

मधली आज मागच्या रांगेत उभी होती. ती बाईंची सर्वांत जुनी शिष्या. लहानपणी नाच शिकायला आली ती इथलीच झाली. लग्न झालं, मुलगा झाला, तरी संध्याकाळी पाय आपोआप वर्गाकडे वळायचे. नव्या मुलींना शिकवायची, जुन्यांबरोबर नाचायची. ना धड बाई, ना धड विद्यार्थिनी, म्हणून कुणीतरी तिला 'मधली' म्हटलं आणि ते चिकटलं.

वर्षभरापूर्वी बाईंनी तिला अचानक पहिल्या रांगेत, अगदी स्वतःसमोर उभं केलं. आजवर कौतुकाचा शब्द नाही आणि एकदम हे. त्या दिवशी तिनं नवऱ्याला पुन्हा पुन्हा सांगून भंडावून सोडलं होतं.

पण कार्यक्रम जवळ आला तशी कुजबुज सुरू झाली. काल एका मुलीची आई तोंडावरच म्हणाली, "ताई, आता मुलींना येऊ द्या की पुढे. तुमचं वय झालं असं नाही म्हणत मी." म्हणून आज ती कुणाला न विचारता मागे जाऊन उभी राहिली होती.

पुन्हा सुरुवात झाली, पुन्हा विस्कटलं. बाईंची नजर पहिल्या रांगेवर नुसती भिरभिरत होती. "आज पुरे," त्या म्हणाल्या. कार्यक्रम तोंडावर असताना त्यांनी वर्ग लवकर सोडल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

मुली गेल्या. मधलीनं सतरंजी झटकली, खिडक्या लावल्या, लावलेली एक उघडून पुन्हा लावली. शेवटी पाठमोऱ्या बाईंना तिनं विचारलं, "बरं नाहीये का?"

बाई दांडी पुसतच राहिल्या. ती समोर गेली तेव्हा बाईंनी मान वर केली. "काही म्हणालीस? आणि मागे का गेलीस आज?"

"मुलींची जागा अडते म्हणून."

"आणि माझं काय?" बाईंचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "घुंगरू ऐकू येत नाहीत गं मला. वर्ष होऊन गेलं. तुझे पाय कधी चुकत नाहीत. ते बघून वाजवते मी."

म्हणजे पहिली रांग कौतुकाची नव्हतीच. मधलीला रागही आला आणि रडूही. तुझे पाय कधी चुकत नाहीत, हे ऐकायला तिनं अर्धं आयुष्य वाट पाहिली होती आणि ते ऐकायला मिळालं ते असं.

"मला सांगायचं होतंत," बाईंना ओठ दिसतील असं ती सावकाश म्हणाली. "मी घेतली असती दांडी."

"म्हणूनच नाही सांगितलं. दांडी घेतलीस की नाच संपला. एकदा बसलेल्या माणसाला पुन्हा कुणी उठवत नाही. मी बसले तेव्हा तुझ्याच वयाची होते."

घरी आल्यावर ती नुसत्या येरझारा घालत राहिली.

"बस की जरा," नवरा म्हणाला.

"तेच तर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुली रांगा लावून उभ्या राहिल्या. मधली घुंगरू न बांधताच आली आणि बाईंच्या शेजारी मांडी घालून बसली. तिनं हात पुढे केला. बाईंनी दांडी क्षणभर घट्ट धरली, मग सोडली.

"हात आणि डोळे मी बघेन," गुडघ्यावर हात टेकून उठत बाई मुलींना म्हणाल्या. "पाय हिच्याकडे."

ठोका स्वच्छ पडू लागला. मुलींचे चेहरे सैलावले. बाई त्यांच्यामधून फिरत राहिल्या, कुणाचं कोपर उचलत, कुणाची हनुवटी वळवत. मधलीची नजर मुलींच्या पायांवर होती. आणि साडीच्या घोळात दुमडलेली तिची पावलं प्रत्येक ठोक्याला जमीन शोधत होती.