भरल्या ताटावरून

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची थाळी आहे. खरं सांगायचं तर आता बोलायचाही कंटाळा येतो. पण माझ्या काठाला इतके पोचे कसे पडले, हे तुम्ही विचारणारच, म्हणून सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्यात बघून कुणीही भांग पाडावा, अशी मी लखलखीत होते. एका गवंड्याने मला दुकानातून घरी आणलं. माणूस कामाला वाघ. त्याने बांधलेल्या भिंतीला कधी कुणी नावं ठेवली नाहीत. तो आणि त्याचा मुलगा बारक्या, दोघं माझ्यातच जेवायचे. "केवढी ऐसपैस आहे ही!" असं त्याची बायको मला घासताना म्हणायची. तेवढं कौतुक मला बरेच दिवस पुरलं.

पण मीठ कमी पडलं की गवंड्याचा पारा चढायचा आणि मी भिंतीवर आदळायचे. बारक्याचा घास हातातच राहायचा. बायको रडू लागली की तो म्हणायचा, "माझा बाप आम्हाला गुरासारखं बडवायचा. मी निदान ताटच फेकतो." आणि हे त्याला अगदी मनापासून वाटायचं. बारक्या मग अंग चोरून बसायला शिकला. एका हाताने जेवायचा, दुसऱ्या हाताने माझा काठ घट्ट धरून ठेवायचा. त्या इवल्याशा बोटांत मला थांबवण्याचं बळ कुठलं!

बारक्या मोठा झाला, बापाचीच थापी हातात घेऊन गवंडी झाला, संसाराला लागला. बाप गेल्यावरही त्याने मला मोडीत काढलं नाही. ताट म्हणून फेकायचं नाही, अशी त्याने शपथच घेतली होती आणि त्या शब्दाला तो जागला. चव बिघडली की तो मला फक्त पुढे सरकवायचा, भरल्या ताटावरून उठायचा आणि मग दोन-दोन दिवस घरात चकार शब्द बोलायचा नाही. "मी निदान फेकत तरी नाही," असं वर बायकोला ऐकवायचा. मला मात्र ते सरकणं आदळण्याइतकंच लागायचं, कारण आता त्याची मुलगी त्याच्याबरोबर माझ्यात जेवायला बसलेली असायची.

मध्यंतरी एकदा जेवताना त्याने नुसता पाण्याच्या पेल्याकडे हात नेला. पोरीने दचकून माझा काठ पकडला. तिची नखं पांढरी पडली.

"अगं, पळून चाललंय का ताट?" तो हसत म्हणाला.

त्याची म्हातारी आई वाढता वाढता थांबली. "तूही असंच धरायचास रे," ती म्हणाली. "अगदी असंच."

बारक्याचं तोंड उतरलं. "सोड बाळा, नाही सरकवणार मी." पोरीने काठ आणखीच घट्ट धरला. "सोड म्हटलं ना!" त्याचा आवाज चढला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून तो गप्प झाला. झालं, आता उठतो, असं मला वाटलं. पण तो उठला नाही. भाजी खारट होती, तरी पोरीबरोबर जेवत बसला.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा, असं मी सांगणार नाही. तुमच्या घरी कुणी ताटाचा काठ धरून जेवत असेल, तर त्याला हात काढायला लावू नका. त्याचं जेवण होईपर्यंत शेजारी बसा आणि उद्याही बसा, परवाही बसा. हे फार दमवणारं काम आहे.

काल पोरीने पाणी प्यायला काठ सोडला आणि पुन्हा धरला. बारक्याने पाहिलं नाही असं दाखवलं. पुढचा घास मात्र त्याने लहान घेतला, तिचं जेवण होईपर्यंत पुरावा म्हणून.