रोमची सवत

सोलापुरातला मार्शल लॉ उठला त्या वर्षी मला बिजवराला दिली, आणि मंगळसूत्राआधी सवत गळ्यात पडली. खरोखरच पडली. आमच्यात पहिली बायको वारली की तिच्या मुखवट्याचा टाक दुसरीने गळ्यात बांधायचा. रोज त्याला हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं नेसायच्या आधी तिला दाखवायचं. माझ्या सवतीचं नाव सोजरबाई. तिचा टाक मात्र सोनाराने घडवलेला नव्हता. तिच्या माहेरी, तेरच्या शेतात, नांगराला लागलेलं एक जुनं सोन्याचं नाणं होतं. त्यावर एका बाईचं तोंड, सरळ नाक, डोक्यावर वेण्यांचा भला मोठा अंबाडा. आमच्या मालकांनी त्यालाच कडी लावून घेतली.

मालक गिरणीत कामाला. भवानी पेठेतल्या आमच्या खोलीत जेवायला बसले की त्यांची नजर माझ्या गळ्यावर. वर्षभरात माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं असेल तर शपथ! मी आतल्या आत जळायची.

शेजारी महिपती मास्तर राहायचे. शाळेत इतिहास शिकवायचे. एका रविवारी मी अंगणात टाक घासत होते, तर त्यांनी तो मागून घेतला आणि चष्मा कपाळावर सारून डोळ्यांशी धरला.

"रंभाबाई, ही तुमची सोजरबाई नव्हे. ही रोमची राणी फॉस्टिना."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सतराअठराशे वर्षांमागे अँटोनायनस नावाचा सम्राट होता. तेवीस वर्षं त्याने राज्य केलं, पण बादशहा झाल्यावर स्वतः कधी लढाईवर गेला नाही. गादीवर बसून तीन वर्षं होत नाहीत तोच राणी वारली. त्याने पुन्हा लग्न केलं नाही. तिचं देऊळ बांधलं, तिच्या नावाने गरीब मुली पोसल्या आणि मरेपर्यंत तिच्या तोंडाची नाणी पाडत राहिला.

त्या दिवसापासून दुपारी डोळा लागला की सम्राट यायचा. कुरळी दाढी, अंगभर पांढरं उपरणं. चुलीपाशी पाटावर बसायचा. बोलायचा मात्र माझ्या माहेरचं, करमाळ्याकडचं.

"माझी राणी कुटं हाय गं?"

मी गळा पुढे करायची. तो वाकून बघायचा आणि मग हळूच माझ्या तोंडाकडे बघायचा. "लई दमलीस की," म्हणायचा. एवढ्या मोठ्या राज्याचा धनी, पण एवढं म्हणायला त्याला सवड होती. गिरणीचा भोंगा झाला की तो उठून जायचा. मी जागी होऊन पाटावर हात ठेवायची, तर पाट कोमट लागायचा. मला रडू यायचं.

शेवटी एकदा भाकरी वाढताना मी बोलूनच टाकलं. "ही सोजराक्का न्हाय. रोमची कुणी राणी हाय. मास्तर म्हनले."

वाटलं, आता ताट भिरकावतात. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मला ठावं हाय. सोजर अशी नव्हती."

"मग वरीसभर काय बघताय तिच्याकडं?"

त्यांनी मोडलेला तुकडा परत ताटात ठेवला.

"सोजरचं तोंड इसरलोय मी," ते म्हणाले. "फोटू न्हाय, काय न्हाय. आठवाया गेलो की तुजंच तोंड म्होरं येतं. म्हून वर बघत न्हाय. तिला काय वाटंल?"

मी टाक पदराआड सारला आणि त्यावर तळवा ठेवला.

"वाईच डोळे मीट, आक्का," मी म्हटलं.

मग मालकांनी मान वर केली.