मिरेनला सांगायचं राहिलं

शशिधरला जाऊन तीन आठवडे झाले, पण ती बातमी यमुनाला स्वतःच्या तोंडाने अजून कुणालाच सांगावी लागली नव्हती. लंडनजवळच्या मेडनहेडहून धाकटा दीर हरीश आला, तिच्या हातातला फोन घेतला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही जस्ट बसा, आय विल हँडल इट." यमुना बसली. सगळ्यांना त्यानेच कळवलं. माणसं आली, गेली, त्यांचे डबे धुऊन झाले. रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचंही तिला काही वाटत नव्हतं.

हरीशच्या नजरेतून सुटलेलं एकच माणूस शनिवारी सकाळी दारात उभं राहिलं. मिरेन. केंब्रिजमध्ये पियानो शिकवणाऱ्या, मूळच्या स्पेनच्या बास्क प्रांतातल्या या बाई शशिधरच्या भाषाशास्त्रातल्या संशोधनासाठी आपल्या बास्क भाषेतली वाक्यं बोलून द्यायला यायच्या. महिनाभर माहेरी राहून आल्या होत्या, आणि हातात मेंढीच्या दुधाचं धुरकट चीज होतं. या घरात ते शशिधर एकटाच खायचा.

"कुठेय तो?"

"नाहीये."

"बाहेर गेलाय? मग वाक्यं तू वाच," म्हणत मिरेन बसल्यासुद्धा. आता सांग, असं यमुनाने स्वतःला बजावलं आणि चहा ठेवायला गेली.

रेकॉर्डर आणि वाक्यांचा कागद टेबलावर तसेच पडून होते. बास्कमध्ये साध्या वाक्यात 'नाही' क्रियापदाच्या आधी येतो. तेच वाक्य 'मला माहीत आहे की'च्या पोटात घातलं, की क्रियापद पुढे सरकतं आणि 'नाही' मागे पडतो. एवढ्याशा अदलाबदलीपायी नवऱ्याने अर्धं आयुष्य घातलं, आणि जेवताना ते ऐकून यमुनाचे कान किटले. वाक्यांसाठी नावं शोधायचाही त्याला कंटाळा, सरळ घरचीच घालायचा.

यमुनाने चहा आणला, रेकॉर्डर सुरू केला आणि इंग्रजीत वाचलं, "यमुना आली नाही."

"यमुना एस दा एतोरी."

"मिरेनला माहीत आहे की शशिधर आला नाही."

"मिरेनेक बदाकी शशिधर एतोरी एस देला," मिरेन हसल्या. "खरंच आहे, दिसतंय मला."

खाली नुसतंच 'शशिधर आला नाही' होतं. यमुनाने तेही वाचलं.

मिरेन थांबल्या. कोण कुणाला सांगतंय हे कळल्याशिवाय त्यांना कधी कधी वाक्य सुचायचं नाही. शशिधर त्यावर वैतागायचा. "हे कोण म्हणतंय? कुणाला?"

"मी," यमुना म्हणाली. "तुम्हाला."

"कधी येणार आहे तो?"

"नाही येणार. हार्ट अटॅक आला. तो वारला, मिरेन." आवाज वाक्यं वाचतानाचाच होता.

मिरेननी कप खाली ठेवला. रेकॉर्डरकडे न बघता त्या हळूच म्हणाल्या, "शशिधर एस दा एतोरी."

यमुनाने मान डोलावली, रेकॉर्डर बंद केला आणि चीज ठेवायला उठली. फ्रिजमध्ये शशिधरने अर्धा खाऊन ठेवलेला आधीचा तुकडा होता. नवा त्याच्याशेजारी ठेवताना तिला रडू फुटलं.