अळणीचा नवस

सुचिता पाणी प्यायला आत आली, तर सासूबाई मिठाच्या बरणीशी उभ्या. बोट मिठात, डोळे मिटलेले, ओठांवर जप.

"आई! काय करून राहिल्या?"

जयवंताबाईंनी बोट पदराला पुसलं. "काही नाही वो. मीठ ओलं झालं का, पाहून राहिली होती."

ओले झाले होते ते त्यांचे डोळे.

सुनेला सातवा महिना लागला, त्या दिवशी त्या जामसावळीच्या मारुतीला बोलल्या होत्या, बाळ सुखरूप घरी येईपर्यंत मीठ खाणार नाही. उपासाला त्या कधी भ्यायल्या नव्हत्या. एकादशी, सोमवार, शनिवार सगळे अंगवळणी. पण या खेपेला मीठ स्वप्नात यायचं. खाऱ्या शेंगा, लोणच्याचा खार. बोट रोज बरणीपर्यंत जायचं आणि जिभेपर्यंत न पोचता परत यायचं. उठलं की अंधारी, खाल्लं की मळमळ. आणि संत्र्याच्या बागेत मातीत हात न घालता तळहाताच्या रेषा शाईने गिरवल्यासारख्या काळ्या!

"नवस मारुतीचा, अन् रंग शनिदेवाचा," हेमराज, त्यांचा नवरा, म्हणायचा.

देव परीक्षा पाहतो, असं त्या मनाशी धरून बसल्या. शेवटी एका सकाळी तुळशीला पाणी घालता घालता तिथेच कोसळल्या. हेमराजने मोहगावहून गाडी थेट पांढुर्ण्याच्या दवाखान्यात नेली.

डॉक्टर नलिनीबाईंनी आधी त्यांचे तळहात पाहिले, रक्त काढलं आणि सलाईन लावली.

"म्याडम, यात मीठ तर नाही नं?"

"मीठच आहे, काकू."

जयवंताबाई सुई ओढायलाच निघाल्या. हेमराजने हात धरला आणि नवसाची सगळी कथा सांगून टाकली.

रिपोर्ट आल्यावर डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या. "मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, पीयूषिका. ती हुकूम सोडते. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या अधिवृक्क ग्रंथी बसलेल्या असतात. त्या हुकमाप्रमाणे एक रस रक्तात सोडतात. ताप, उपास, दगदग, सगळं त्या रसावर निभावतं. रस पुरेसा झाला की वरची गप्प बसते."

"म्हणजे यांच्या चहासारखं," जयवंताबाई हळूच म्हणाल्या. "बैठकीतून हाक येते. कप पोचला की चूप."

"आणि नाही पोचला तर?"

"शेजारच्याले ऐकू जाईपर्यंत ओरडतेत."

डॉक्टरबाई हसल्या. "तुमच्या खालच्या ग्रंथी थकल्यात. वरची ओरडतेय, आणि त्या ओरडण्यानेच कातडी काळी पडली. अंगात मीठ धरून ठेवणारा दुसरा रसही त्याच ग्रंथी करतात. तो आटला, म्हणून मीठ वाहून जातंय. जीभ मागते ते लोभाने नाही, काकू. आता गोळ्या रोज, जन्मभर. उपासालाही चुकवायच्या नाहीत. आणि मीठ खायचं."

जयवंताबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या. आपल्या जिवाचं त्यांना काही नव्हतं. "मी मीठ खाल्लं, अन् लेकराले काही झालं तर?"

हेमराजने घसा खाकरला. "घरच्या माणसाचा नवस घरच्याले घेता येते नं? माही आई आजारी होती, तवा बाबांनी तिचे सोमवार केले होते."

"तुम्ही?" रडता रडता त्यांना हसू आलं. हा माणूस संत्र्याच्या फोडीलाही मीठ लावून खाणारा.

"हाव, मी. कायले हसतं?"

संध्याकाळी घरी देवापुढे हातावर पाणी सोडून हेमराजने नवस आपल्याकडे घेतला. जयवंताबाईंनी गोळी घेतली, वरणात मीठ टाकलं, पहिला घास नैवेद्यासारखा डोळे मिटून खाल्ला. समोर हेमराज एरंडेल प्यावं तसं अळणी पिठलं गिळत होता.

मग महिनाभर बैठकीतून एकच हाक, रोज आदल्या दिवसापेक्षा मोठी. "अवो जयवंता! किती दिवस राहिले वो?"

"देव जाणे," त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या. त्यांचे तळहात हळूहळू उजळत होते.

सुचिता बाळंत होऊन मुलीला घेऊन घरी आली. आजोबांनी नातीला पाहिलं, मारुतीला हात जोडले आणि मूठभर खाऱ्या शेंगा घेऊन ओसरीवर बसले. दुपार झाली, चहाची वेळ टळून गेली, तरी त्यांची हाक नाही.

जयवंताबाई कप घेऊन स्वतःच बाहेर आल्या.