आराखड्यावरचे नाव

मनुष्याची सायकल चोरीला गेली, तर तो पोलीस चौकीत जातो. परंतु जी वस्तू चोरीला जाऊनही मालकाजवळच राहते, तिची फिर्याद त्याने कोठे करावी? हा प्रश्न २००७ सालच्या दिवाळीत अंजली पगारे हिच्यापुढे उभा राहिला. अंजली नाशिकच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शिकवीत असे, आणि तिची चोरीला गेलेली वस्तू म्हणजे एक आराखडा होता.

घर बांधण्यापूर्वी नकाशा काढतात, त्याप्रमाणे संगणकप्रणाली लिहिण्यापूर्वी तिचा आराखडा काढावा लागतो. कोणत्या वस्तू आहेत, कोणती वस्तू कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जाते आणि कोणाच्या हुकमाने जाते, हे सारे त्यात चौकटी आणि बाण यांनी दाखवलेले असते. असे आराखडे जगभरच्या अभियंत्यांनी एकमेकांस द्यावेत, दुसऱ्याच्या आराखड्यावर आपले काम उभारावे, मात्र मूळ कर्त्याचे नाव राखावे, एवढ्यासाठी परदेशातील एका विद्यापीठाने एक संकेतस्थळ चालवले होते. अंजलीचा आराखडा दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदार संघाच्या पॅकहाऊसचा होता. बागेतून आलेला क्रेट वजनकाट्यावर चढतो तेथपासून पेटी कंटेनरमध्ये जाते तेथपर्यंतचा प्रत्येक टप्पा तिने द्राक्षे निवडणाऱ्या बायकांशेजारी बसून टिपलेला होता.

पूर्ण झालेला आराखडा त्या संकेतस्थळावर ठेवण्यास ती गेली, तेव्हा त्याचा पहिला खर्डा तेथे आधीच विराजमान होता. कर्ता म्हणून नाव होते प्रा. धनराज सोनजे यांचे. हे तिचे विभागप्रमुख. तो खर्डा तिने त्यांना पूर्वी तपासण्यासाठी दिला होता. आता त्याखाली ब्राझीलच्या आणि पोलंडच्या अभियंत्यांनी सोनजे सरांना शाबासकी दिली होती.

ती तडक त्यांच्या खोलीत गेली.

"सर, हे माझे काम आहे."

"अहो मॅडम, डिपार्टमेंटचं काम आहे ते," सोनजे हसून म्हणाले. "आणि ही मॉडेल्स शेअर करायलाच असतात ना? ब्राझीलपर्यंत पोचलं, पेढे वाटा!"

"माझ्या नावाने पोहोचले असते तर वाटले असते."

"नावात काय एवढं? तुमचं अजून प्रोबेशन चालू आहे. तिकडे लक्ष द्या."

पुरावा नव्हता असे नव्हे. आराखड्याच्या फाइलमध्ये प्रत्येक चौकटीस तिच्याच संगणकाने दिलेले क्रमांक जसेच्या तसे होते. परंतु पुरावा ही वस्तू पाहणाऱ्यावाचून निरुपयोगी असते. संकेतस्थळाच्या चालकांनी सौजन्याने कळवले की, असे वाद आपल्या संस्थेतच मिटवावेत. संस्थेत अशा वादांसाठी एक समिती होती, आणि तिचे अध्यक्ष सोनजे सर होते.

"मग आता काय करणार तू?" तिच्या आईने, लताबाईंनी, भाकरी थापता थापता विचारले.

"त्याच्याच तोंडून वदवणार. चार लोकांत."

"तोंड त्याचं आन् नाव तुझं?" लताबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. "बाई गं, असली माणसं सरणावर गेली तरी खरं बोलत नाहीत."

पुष्कळांच्या मते सूड ही संतापाची कृती होय. हे मत मला मान्य नाही. संताप घाई करतो. सूड निरीक्षण करतो. अंजली त्यानंतर सोनजे सरांशी एक शब्दही वावगा बोलली नाही. ती फक्त त्यांना न्याहाळीत राहिली, आणि न्याहाळता न्याहाळता त्यांचा एक स्थिर नियम तिच्या ध्यानात आला. यश मिळाले की ते विभागाचे, अर्थात त्यांचे असे. परंतु चूक झाली की ती नावानिशी दुसऱ्या कोणाची तरी असे. प्रयोगशाळेतले यंत्र जळाले तेव्हा त्यांनी भर बैठकीत नाव घेतले. निकाल घसरला तेव्हाही घेतले. दुसऱ्याचे नाव त्यांच्या मुखातून निघण्याचा हा एकच मार्ग होता.

डिसेंबरात पॅकहाऊसचे व्यवस्थापक भिमाजी अण्णा यांचा फोन आला. संघ नवी संगणकप्रणाली करून घेणार होता आणि ते काम सोनजे सरांना मिळण्याच्या बेतात होते.

"ताई, चित्र तर तुमचंच दिसतंय. दोन हंगाम इथं बसून काढलेलं. वर नाव त्या सायबाचं कसं काय?"

"अण्णा, ते राहू द्या. सर समजावून द्यायला येतील तेव्हा एवढेच विचारा, की बाजूला काढलेला माल कोणाच्या नावावर राहतो."

"म्हंजी तुम्हाला त्याची जिरवायची हाय."

"हो."

"जिरवा. पण आमच्या मालाचं वाटोळं व्हायला नको, सांगून ठेवतो."

"काही होणार नाही. दुरुस्त केलेला आराखडा तयार आहे. तुम्हाला तोच मिळेल."

बाजूला काढलेला माल म्हणजे निर्यातीच्या निवडीत न टिकलेली द्राक्षे. चोरलेल्या खर्ड्यात अशी द्राक्षे ज्याची त्यास परत जात. आणि ही घोडचूक होती. अंजली पहिल्यांदा गेली ती जानेवारीच्या आरंभी, जेव्हा दिवसाकाठी एखाद्याच बागेचा माल येई आणि बागायतदार आपला नापास माल आपल्याच ट्रॅक्टरमधून माघारी नेई. पुढच्या हंगामात तिने मार्च पाहिला. मार्चमध्ये सगळ्यांचा नापास माल एकाच ढिगात पडतो, व्यापारी तो एकगठ्ठा उचलतो, आणि पैसे वजनाच्या प्रमाणात वाटले जातात. हे पाहून तिने दुरुस्ती केली. सोनजे सरांनी दिंडोरीचा मार्च कधी पाहिला नव्हता.

सभेच्या दिवशी भारनियमन होते. पॅकहाऊसच्या दालनात जनरेटरची घरघर चालू होती, आणि त्यावर आवाज चढवून सोनजे सर पडद्यावरच्या चौकटी समजावून देत होते. बागायतदार माना डोलवीत होते. अंजलीला त्यांनी संगणक सांभाळण्यासाठी बरोबर आणले होते.

भिमाजी अण्णा उठले. "सायेब, बाजूला काढलेला माल कुणाच्या नावावर ऱ्हातो?"

"ज्याचा त्याच्या. बाण बघा ना."

"अन् ढिगात मिसळल्यावर?"

"मिसळायचाच नाही. शिस्त पाहिजे."

दालनात हशा पिकला. मागून कोणी ओरडले, "मार्चात या, सायेब! मन्यामन्यावर नाव लिहून ठिवतो!"

"आमची लय माणसं ह्याच्यावरून भांडून मरतील," भिमाजी अण्णा म्हणाले. "हे चुकलंय, सायेब. कुणी काढलं?"

सोनजे सरांचा चेहरा उतरला. त्यांनी पडद्याकडे पाहिले, श्रोत्यांकडे पाहिले, आणि मग, ज्याची अंजली वाट पाहत होती तेच केले. त्यांचे बोट अंजलीकडे वळले.

"हा भाग अंजली मॅडमनी काढलाय. मी विश्वास ठेवला, हीच माझी चूक."

अंजली उठून उभी राहिली. "सर खरे सांगत आहेत. ही चूक माझी आहे." मग ती चूक का झाली, कोणत्या महिन्यात झाली, कोणाचा ट्रॅक्टर पाहून झाली, हे तिने सावकाश सांगितले. ट्रॅक्टरचा मालक तेथेच बसला होता. तो म्हणाला, "हां, बराबर हाय. मीच नेलता माल."

"आता सरांनी सांगावे," ती वळून म्हणाली, "की माझी नसलेली चौकट यात कोणती आहे. एकच दाखवावी. ती त्यांनी तशीच का काढली, तेही सांगावे."

सोनजे सर पडद्यापाशी गेले. त्यांनी एका चौकटीवर हात ठेवला, मग तो काढला.

"ताईंचं हाय सगळं," भिमाजी अण्णा म्हणाले. "बसा, सायेब."

सभा संपल्यावर भिमाजी अण्णांच्या खोलीत सोनजे सर हलक्या आवाजात म्हणाले, "झालं ना समाधान? चला, दोघांची नावं टाकू."

"नाही. तुम्ही त्या संकेतस्थळावर निवेदन लिहायचे. आता, माझ्यासमोर. नाहीतर आजच्या सभेची हकिकत संघाच्या पत्राने संस्थाचालकांपर्यंत जाईल."

ते संगणकापाशी बसले. संकेतस्थळ उघडण्यास वेळ लागला. त्यांनी इंग्रजीत लिहिले की, हा आराखडा अंजली पगारे यांच्या सहकार्याने झाला.

"खोडा."

त्यांनी लिहिले की, तो तिच्या कल्पनेवर आधारलेला आहे.

"खोडा. ती कल्पना नव्हती, काम होते."

बऱ्याच खोडाखोडीनंतर वाक्य उभे राहिले: हा आराखडा अंजली पगारे यांचा आहे, मी तो त्यांना न विचारता माझ्या नावाने येथे ठेवला.

"'न विचारता' कशाला, मॅडम?"

"विचारले होते का?"

त्यांनी ते तसेच ठेवले आणि उठू लागले.

"बसा. ज्यांनी तो उतरवून घेतला, त्यांच्या प्रतींवर अजून तुमचेच नाव आहे. त्यांनाही कळवायचे. प्रत्येकाला वेगळे."

"अहो, कुठं कुठं पसरलंय ते... माणसाची किती शोभा करणार?"

दारातून भिमाजी अण्णा डोकावले. "ताई, सायबाला जेवायला तरी सोडा."

"त्यांचे ताट येथेच पाठवा, अण्णा."

सोनजे सरांनी ब्राझीलच्या अभियंत्याचा पत्ता शोधण्यास आरंभ केला. अंजलीने आपली खुर्ची ओढून त्यांच्याजवळ घेतली, उमटणारे प्रत्येक अक्षर तिला वाचता येईल इतकी जवळ.